हेलियम, पिठोरी अमावास्या आणि विजयदुर्गावरचे साहेबाचे ओटे

तुम्ही विचारलंय, ‘इतिहासातली किंवा विज्ञानातली अशी कोणती गोष्ट आहे, जी खरी असूनही थाप वाटते?’

माझ्याकडून हेलियम. फुग्यात भरतात तो. हा वायू माणसाला आधी सूर्यावर सापडला आणि पृथ्वीवर हाती लागायला पुढे सत्तावीस वर्षं गेली. म्हणजे पंधरा कोटी किलोमीटरवरचं आधी दिसलं आणि पायाखालच्या दगडातलं नंतर.

आता तुमच्यातले अर्धे जण म्हणतील, ‘माहीत आहे, आपल्या विजयदुर्गावर सापडला!’ दर ऑगस्टमध्ये तो फॉरवर्ड फिरतो: लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८ ऑगस्ट १८६८ रोजी विजयदुर्ग किल्ल्यावरून ग्रहण बघितलं आणि हेलियम शोधला. मीही तो दोनदा पुढे ढकललाय, कबूल करतो. पण लॉकियर त्या दिवशी भारतात नव्हताच. तो त्या वेळी लंडनच्या युद्ध खात्यात कारकुनी करत होता आणि आकाश बघणं हा त्याचा फावल्या वेळेचा नाद होता.

खरं काय झालं ते सांगतो, पण आधी स्वयंपाकघरात या. मीठ घातलेली आमटी उतू गेली की गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. ते मिठातलं सोडियम. प्रत्येक मूलद्रव्य तापलं की आपले ठरलेले रंगच देतं. तो उजेड लोलकातून पसरवला तर त्या रंगांच्या बारीक रेघा दिसतात, आणि रेघांवरून द्रव्य ओळखता येतं. सोडियमच्या पिवळ्या रेघा दोन, एकमेकींना अगदी खेटून: ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर (उजेडाच्या तरंगलांबीचं माप, त्यावरून रेघेची जागा ठरते). हे आकडे लक्षात असू द्या.

१८३५ मध्ये ऑग्युस्त कॉन्त या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने ठासून लिहिलं होतं की तारे कशाचे बनलेत हे माणसाला कधीच कळणार नाही. त्यानंतर तेहतीस वर्षांनी भारतावरून खग्रास ग्रहणाची सावली गेली. तारीख मागे मोजून बघितली तर तो श्रावणातल्या अमावास्येचा, म्हणजे पिठोरीचा दिवस निघतो. ऐन पावसाळा! तरीही युरोपातून लोक आले. पिएर जान्सेन हा फ्रेंच माणूस गुंटूरला, मद्रासच्या वेधशाळेचा पॉगसन मच्छलीपट्टणला, आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल (युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू) पटवर्धनांच्या जमखंडीला. नकाशा काढून बघा, विजयदुर्ग, जमखंडी, गुंटूर, मच्छलीपट्टण ही गावं जवळपास एका आडव्या ओळीत येतात. विजयदुर्गाचं नाव या गोष्टीत घुसलं ते अगदीच हवेतून नाही.

जमखंडीला ढगांनी हर्शेलचा बराच खेळ बिघडवला. गुंटूरला आभाळ बरं होतं. चंद्राने सूर्य झाकला तशा कडेला लाल ज्वाळा दिसल्या, आणि स्पेक्ट्रोस्कोपमधून, म्हणजे उजेडाच्या रेघा दाखवणाऱ्या यंत्रातून, बघितल्यावर त्यांच्यात ठळक रेघा. एक पिवळी होती. बहुतेकांनी ती सोडियमचीच धरली. पिवळी दिसली की सोडियम, विषय संपला. त्यांना दोष कसा देणार? पाच-सहा मिनिटांचा कारभार, त्यात एक डोळा ढगांवर.

जान्सेनचं डोकं मात्र दुसरीकडे चाललं. या रेघा एवढ्या ठळक आहेत तर ग्रहणाची वाट कशाला बघायची? दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने भर उन्हात स्पेक्ट्रोस्कोप सूर्याच्या कडेला लावला आणि ज्वाळा दिसल्या! तोवर हे दृश्य फक्त ग्रहणात मिळायचं.

तिकडे लॉकियरलाही स्वतंत्रपणे हेच सुचलं होतं. त्याने स्पेक्ट्रोस्कोपची ऑर्डर आदल्या वर्षीच देऊन ठेवली होती, पण कारागिराने उशीर लावला. (शिंप्याकडे ब्लाउज टाकणाऱ्यांना हे दुःख कळेल.) यंत्र हातात पडलं ऑक्टोबर १८६८ मध्ये आणि २० तारखेला त्यालाही, ग्रहणाशिवाय आणि लंडनच्या आभाळात, त्याच ज्वाळा दिसल्या. जान्सेनचं पत्र भारतातून जहाजाने निघालेलं. दोघांचं म्हणणं पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच बैठकीत वाचलं गेलं. श्रेय कोणाला, यावर मारामारी होणार असं वाटत असताना फ्रेंचांनी दोघांचे चेहरे शेजारी-शेजारी असलेलं पदक काढलं. दोघे पुढे मित्रही झाले.

लॉकियरला आता घाई नव्हती. निवांत मोजता येत होतं. आणि मोजल्यावर लक्षात आलं की ती पिवळी रेघ सोडियमच्या जागेवर नाहीच. ती ५८७.६ च्या आसपास आहे. फरक जेमतेम दीड नॅनोमीटरचा, पण पृथ्वीवरचं कुठलंच द्रव्य तिथे रेघ देत नव्हतं. रसायनज्ञ एडवर्ड फ्रँकलंडबरोबर त्याने हायड्रोजनमधून ती रेघ काढायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मग नाव पडलं हेलियम, ग्रीक ‘हेलिओस’ म्हणजे सूर्य यावरून. शेवटी ‘इयम’ आहे ते सोडियम-पोटॅशियमसारखं धातूचं शेपूट, कारण हा धातू असावा असा समज होता. चूक उघड झाल्यावरही नाव तसंच राहिलं. निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन या भावंडांच्या पंगतीत हेलियम आडनाव वेगळं असल्यासारखा बसतो तो यामुळे.

कित्येक रसायनज्ञांना हे पटलं नाही. न बघितलेलं, न हाताळलेलं मूलद्रव्य, पुरावा काय तर एक रेघ. १८९५ मध्ये लंडनला रसायनज्ञ विल्यम रॅम्सेने क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमयुक्त खनिजावर आम्ल टाकलं. तो शोधत होता आर्गॉन. निघालेल्या वायूत तीच पिवळी रेघ चमकली. त्याआधी अमेरिकेत हिलेब्रँडने अशाच खनिजातून हाच वायू काढला होता आणि नायट्रोजन समजून सोडून दिला होता. याच्याबद्दल मला फार वाईट वाटतं.

हेलियम युरेनियमच्या खनिजातच का? कारण युरेनियम-थोरियम फुटताना अल्फा कण बाहेर पडतात, आणि अल्फा कण म्हणजे हेलियमचं केंद्रकच. दोन इलेक्ट्रॉन पकडले की झाला अणू. म्हणजे फुग्यातला हेलियम हा जमिनीखाली कोट्यवधी वर्षं साठलेला किरणोत्साराचा उरलासुरला माल. घाबरू नका, तो स्वतः किरणोत्सारी नाही. उलट आपल्या जत्रेतल्या गॅसच्या फुग्यापासून जपून राहा. त्यात बरेचदा हेलियम नसून कॉस्टिक सोडा आणि अॅल्युमिनियम यांच्यापासून जागेवर बनवलेला हायड्रोजन असतो, आणि तो पेट घेतो.

याच्या उलट गंमत १९०३ मध्ये अमेरिकेत कॅन्ससमधल्या डेक्स्टर गावात झाली. विहीर खणताना जोरात वायू उसळला. गाव खूश, आता आपण श्रीमंत. तो पेटवण्याचा जंगी समारंभ ठरला, लोक जमले आणि पेटतं गवत पुढे सरकवलं. गवतच विझलं! नंतर कळलं की त्यात बहुतेक नायट्रोजन होता आणि थोडा, दोन टक्क्यांच्या आत, हेलियम. गावाची फजिती झाली, पण भूगर्भातल्या वायूत हेलियम असतो हे जगाला त्यातूनच समजलं.

राहिले विजयदुर्गाचे ओटे. किल्ल्यावर दगडी चौथरे आहेत, ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. लॉकियर तिथे खरंच आला होता, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला! तेव्हा तो एकसष्ट वर्षांचा, नावाजलेला माणूस होता. दिमतीला मेलपोमेनी ही इंग्रज युद्धनौका आणि दोन मिनिटांच्या ग्रहणासाठी तालीम करून घेतलेले तिचे खलाशी. त्याच सावलीखाली करमाळ्याजवळच्या जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी दादाभाई नायगमवाला दुर्बीण लावून बसले होते. त्यांच्या नावाचा फॉरवर्ड मला अजून एकदाही आलेला नाही. तोवर हेलियम बाटलीत भरून तीन वर्षं झाली होती. १८६८ आणि १८९८, दोन ग्रहणं एकमेकांत मिसळली आणि शोध किल्ल्यावर येऊन बसला.

गेल्या वर्षी मी तिथे गेलो. ओट्यावर शेवाळ, कडेला कुणीतरी टाकलेली पाण्याची बाटली, समोर वाघोटनची खाडी. सोबतच्या आजोबांना मी ही सगळी तारखांची भानगड रंगवून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “सायब हंय इल्लो का नाय?”

म्हटलं, आला होता.

“मगे?” म्हणाले, आणि पुढे चालू लागले.