मूठ, कड, तळवा

काकू आत आल्या आणि बसल्या बसल्या टेबलावर हात ठेवून दाखवू लागल्या. मूठ, मग हाताची कड, मग तळवा. तिसऱ्या फेरीत क्रम चुकला. "बघितलंत ना ताई? मलाही जमत नाही. म्हणजे त्याला हे माझ्याकडूनच आलं."

त्यांच्या 27 वर्षांच्या मुलाला स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार आहे (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). नव्या डॉक्टरांनी तपासताना त्याला हा क्रम करायला लावला. मग डोळे मिटायला सांगून तळहातावर बोटाने आकडा काढला आणि तो ओळखायला सांगितलं. दोन्हींत तो अडखळला. काकूंचं वय 68. घरी त्यांनी स्वतः करून पाहिलं, तेव्हापासून झोप उडाली होती.

अशा खुणांना डॉक्टर 'सॉफ्ट साइन्स' म्हणतात. मेंदूत अमुक एका जागी इजा आहे, असं त्यांतून कळत नाही. हालचालींची किंवा स्पर्शातून मिळणाऱ्या माहितीची जुळवाजुळव थोडी कच्ची आहे एवढंच कळतं. स्किझोफ्रेनियात त्या जास्त दिसतात, अगदी औषध सुरू होण्याआधीही. पण धडधाकट माणसांतही एखाददुसरी सापडते आणि उतारवयात त्या वाढतात. नुसत्या त्यांवरून कुणी निदान करत नाही. आजारात अनुवंशिकतेचा वाटा असतो, हे मी काकूंपासून लपवलं नाही. पण या वयात हात चुकला, म्हणून तो आजार त्यांनी मुलाला दिला असं कुठून ठरणार? हिशेब, स्वयंपाक, एकटीने बसचा प्रवास, सगळं त्यांचं नीट चाललं होतं. एकाएकी एका बाजूचा हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर मात्र तडक दवाखाना गाठायचा, हेही बजावलं.

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "औषधाआधीही असतं?"

लहानपणी तो सारखा धडपडायचा, शर्टाची बटणं चुकवायचा. धडपडणाऱ्या प्रत्येक मुलाला पुढे हा आजार होतो असं मुळीच नाही, हे मी लगेच सांगितलं. पण काकूंच्या मनात दुसरंच होतं. दुधाचं पातेलं सांडलं म्हणून त्यांनी त्याला मारलं होतं. "धांदरट म्हणायचे मी त्याला." त्या खूप रडल्या. मी थांबवलं नाही.

"त्याला हे सांगू का?"

"सांगा."

पंधरा दिवसांनी तो एकटाच आला. हात थोडे ताठरल्यासारखे वाटतात म्हणाला. तो औषधाचा परिणाम असू शकतो, डॉक्टरांना आजच सांग, मनाने गोळी बंद करू नकोस, असं मी म्हटलं. उठताना दारापाशी थांबला.

"आई म्हणाली, पातेलं जडच होतं."