सैन्य, विद्यापीठ, समाजकार्य आणि मुत्सद्देगिरी, चारही क्षेत्रांत काम केलेलं कोणी आहे का?

आहे, आणि त्यांचा आपल्याशी संबंधही आहे. फ्रँक पोर्टर ग्रॅहॅम, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाचे.

मुळात इतिहासाचे प्राध्यापक. पहिल्या महायुद्धात मरीन कोअरमध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले. 1930 पासून 1949 पर्यंत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे अध्यक्ष. 1938 मध्ये दक्षिणेतल्या गोऱ्या आणि काळ्या सुधारकांना एकत्र आणणाऱ्या 'सदर्न कॉन्फरन्स फॉर ह्यूमन वेल्फेअर'चं अध्यक्षपद घेतलं. तेव्हा तिथे हे करायला छाती लागायची. त्याची किंमतही मोजली: 1950 च्या सिनेट उमेदवारीच्या लढतीत वर्णद्वेषी प्रचारापुढे ते हरले.

पुढचा भाग मला जास्त रंजक वाटतो. 1947 मध्ये डच-इंडोनेशिया वादात मध्यस्थी केलेली होतीच. 1951 मध्ये ओवेन डिक्सन यांच्या जागी संयुक्त राष्ट्रांनी त्यांना काश्मीर प्रश्नावर प्रतिनिधी नेमलं. अहवालांमागून अहवाल दिले, पण कोणी किती सैन्य ठेवायचं यावर भारत-पाकिस्तानचं घोडं अडलं ते अडलंच.

चारही टप्पे आखून केलेले नव्हते, बहुतेक वेळा बोलावणं आलं आणि ते गेले.