शेवटची खेच त्याची

भांडुपच्या एका आईचं पत्र आलंय. मुलगा ६ वर्षांचा, डाऊन सिंड्रोम, घर वन रूम किचन, हिला सकाळी लोकल पकडायची. त्याला अजून पँट घालता येत नाही, शिकवायला गेलं की बसकण मारतो, कधी कधी हाक मारली तरी बघत नाही, ही ओरडते आणि सासूबाई "राहू दे गं, मी घालते" म्हणून मध्ये पडतात. गेल्या आठवड्यात हात उचलला गेला. "ताई, माझ्यानंतर याचं कोण करणार?"

अगं, आधी हात उचलण्याबद्दल. तू लपवलं नाहीस म्हणून स्पष्ट बोलते, ते परत व्हायला नको, पण त्यावरून रात्र रात्र रडतही बसू नकोस. खरी गडबड वेळेची आहे. सकाळी नळाला पाणी आलेलं, डबा, गाडी, त्यात पँट शिकवायची म्हणजे दोघांच्याही जिवाला घोर. सकाळी सरळ आजीला घालू दे, काही बिघडत नाही. शिकवायचं ते रात्री, झोपायचे कपडे बदलताना.

आणि शिकवायचं उलटीकडून. आपण सगळे "पाय घाल" इथून सुरू करतो, पोर तिथेच अडकतं, मग आपणच घालून देतो आणि त्याच्या वाट्याला रोज फक्त न जमणं येतं. तू काय कर, दोन्ही पाय तू घाल, पँट कमरेच्या चार बोटं खाली आण आणि थांब. शेवटची खेच त्याची. ओढली की "झालं!" म्हणून टाळी. हे सहज जमायला लागलं की मांडीपाशी सोड, मग गुडघ्यापाशी, पाय घालणं सगळ्यात शेवटी. स्पेशल एज्युकेटर, म्हणजे विशेष मुलांचे शिक्षक, याला बॅकवर्ड चेनिंग म्हणतात, ब्रश, शर्ट, हात धुणं सगळ्याला चालतं, पण आत्ता फक्त पँट हं.

बसायचं त्याच्या मागे, समोरून दाखवलं की डावं-उजवं उलटं होतं. तुझे हात त्याच्या हातांवर, जमेल तसे सैल सोडत जा. पँट इलॅस्टिकची, जरा ढगळ. शब्द एकच, "वर ओढ", आजीनेही तोच वापरायचा, आणि बोललं की मनात दहा मोजायचे. मला विचारशील तर हेच सगळ्यात अवघड, आपला हात आपोआप पुढे जातो. पण या मुलांचे स्नायू सैल असतात, ऐकलेलं डोक्यात उतरायला वेळ लागतो, तो हट्टच करतोय असं धरून चालू नकोस. बघून मात्र ही मुलं छान शिकतात, म्हणून त्याचेच पँट घालतानाचे फोटो काढ, झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट घे आणि कपाटाला त्याच्या उंचीवर चिकटव.

सासूबाईंशी भांडू नकोस. त्यांची माया आहे, तिला काम दे. मटार सोलणं, कणकेचा गोळा दाबणं, दोरीवरचे चिमटे काढणं-लावणं, यानेच बोटांत ताकद येते आणि दिवसभर घरात त्याच असतात. "आई, हे तुमच्याशिवाय होणार नाही" म्हण, ते खरंच आहे ना.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे पुरं उत्तर नाही गं. जे हातात आहे ते कर, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर काढ, केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत नाव घाल, त्यात १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, थेरपीचा खर्चही बसतो.

आणि तो हाकेला बघत नाही म्हणतेस, त्याचे कान तपासलेत का? डाऊनच्या मुलांमध्ये कानात पाणी साठून कमी ऐकू येणं खूप कॉमन आहे. मग तू कितीही "वर ओढ" म्हण, त्याच्यापर्यंत पोचणार कसं? बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग ही ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवर काम करणारी संस्था आहे, तिथे तपासणी होते. एक रजा गेली तर जाऊ दे, पँटच्या आधी हे कर.