पाकिटानं फिटणारी उधारी

प्रिय मुली,

परवा तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, म्हणून नीट बोलता आलं नाही. ग्रामपंचायतीच्या प्रभाग दोनची जागा सर्वसाधारण महिलेसाठी सुटली आणि पॅनेलवाले तुला उभी राहा म्हणून घरी येऊन गेले, एवढं कळलं. मला आनंद झाला. पण त्यांनी चहा पिताना बोलणं तुझ्याशी केलं की तुझ्या सासऱ्यांशी, हे तू सांगितलं नाहीस. माझा अंदाज सासऱ्यांशीच असा आहे.

2011 पासून आपल्या राज्यात निम्म्या जागा बायकांच्या आहेत. त्यातल्या कितीजणींची सही स्वतःची आणि निर्णय मिस्टरांचा असतो, ते तूही पाहिलं आहेस. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. आपल्याकडे ती बहुतेक वेळा रजिस्टरातच भरते. तेव्हा हो म्हणण्याआधी पॅनेलप्रमुखांना सरळ विचार, मासिक सभेला खुर्चीवर मी बसणार ना? ते हसले तर काय ते समज.

आता घरातलं आधी निस्तर. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी आजच भर आणि पावती जपून ठेव. तुमच्या घराचा गोठा गायरानात सरकला आहे असं मागे ऐकलं होतं. सरकारी जागेवर अतिक्रमण असेल तर निवडून आल्यावरही पद जातं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सदस्य बाईंच्या बाबतीत कुटुंबातल्यांचं अतिक्रमणही धरलं. विरोधक हे निवडणुकीआधी बोलत नाहीत, तू जिंकेपर्यंत थांबतात.

मग मतदार यादी. खरं तर पत्र याच्यासाठीच लिहायला घेतलं. राज्य निवडणूक आयोग स्वतःची वेगळी यादी करत नाही. विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांत फोडली जाते. जिचं नाव मूळ यादीतच नाही तिचं या टप्प्यावर काही होत नाही. पण फोडताना चुकून पलीकडच्या प्रभागात गेलेली नावं हरकत घेऊन परत आणता येतात, आणि हरकतीला मोजकेच दिवस मिळतात. मी केंद्राध्यक्ष असताना एका गावात म्हातारा-म्हातारी हात धरून आले. एकाच घरात राहणारी, पण त्याचं नाव आमच्या खोलीत आणि तिचं दुसऱ्या प्रभागात. म्हातारी म्हणाली, आमचं तर कधी भांडण झालं नाही, मग हे वेगळं कुणी काढलं? सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण तोवर करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. प्रारूप यादी लागली की एक प्रत घे आणि घरोघर वाच. मतं मागू नकोस, नुसती नावं वाच. लग्न होऊन गेलेल्या मुली, वारलेली माणसं, पुण्याला कामाला असलेली पोरं, सगळं कळतं. आणि बायका त्या निमित्तानं जे बोलतात, ते जाहीरनाम्यात घालण्यासारखं असतं.

प्रचाराबद्दल फार सांगत नाही. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं. शिट्टी, कपबशी असं काहीतरी वाट्याला येईल. लोक दोन दिवसांत ते पाठ करतात. तुमच्या प्रभागात तीन सदस्य आणि वर थेट सरपंच, म्हणजे एका मतदाराला चार बटणं दाबायची आहेत. म्हाताऱ्यांना हे समजावून सांग, कारण एक बटण दाबून निघणारे पुष्कळ पाहिले आहेत. स्पीकरच्या गाडीचा मला कंटाळा आहे, पण तो माझा वैयक्तिक राग आहे असं समज.

आता ती रात्र. मतदानाच्या आदल्या रात्री आम्ही शाळेत मशीनच्या पेट्यांजवळ सतरंजी टाकून पडायचो आणि गावात कुत्री भुंकत राहायची. गल्लीगल्लीतून कोण फिरतंय हे शिपायालाही माहीत असायचं. तुझ्याकडेही येतील आणि म्हणतील, समोरच्यानं पैसे वाटले, आपण नाही वाटले तर पडू. भारतीय न्याय संहितेत देणारा आणि घेणारा दोघंही गुन्हेगार आहेत, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गंमत अशी की खाऊपिऊ घालून केलेली लाच नुसत्या दंडावर सुटते. म्हणून तर मटणाच्या पंगती एवढ्या उठतात!

पण कायद्याच्या भीतीनं वाटू नकोस असं मी म्हणत नाही. आमच्या गल्लीतली गोष्ट सांगते. निवडणुकीनंतर दुसऱ्या उन्हाळ्यात नळाला पाणी येईना. शेजारचा माणूस सदस्याकडे गेला. सदस्य काही रागावला नाही. शांतपणे म्हणाला, "तुमचं तर तेव्हाच दिलंय की." तो माणूस मान खाली घालून परत आला आणि पुढची साडेतीन वर्षं ग्रामसभेला फिरकला नाही. मत म्हणजे खरं तर उधारी असते. आपण आधी देतो आणि पाच वर्षं वसूल करत बसतो. पाकीट घेतलं की वही त्याच रात्री मिटली. पुढाऱ्यांना हे चांगलं कळतं, म्हणूनच त्यांना पैसे वाटणं महाग वाटत नाही.

याचीच मोठी आवृत्ती म्हणजे बोली. जानेवारी 2021 च्या निवडणुकीआधी नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीत सरपंचपदाचे लिलाव झाले. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेली, आणि पैसे देवळासाठी म्हणून. आयोगानं दोन्ही ठिकाणची निवडणूक रद्द केली. तुमच्याकडेही कुणीतरी "बिनविरोध करू, गावाची एकी राहील" म्हणत येईल. एकी असेल तर चांगलंच आहे. पण बिनविरोधात मतदान नाही, म्हणजे नोटाचं, ‘यापैकी कुणीही नको’ म्हणायचं, बटणसुद्धा नाही. हिवरे बाजारची तीस वर्षांची बिनविरोधची परंपरा त्याच 2021 मध्ये मोडली. समोर उमेदवार उभे राहिले, लोकांनी रांगेत उभं राहून मतं दिली आणि पोपटराव पवारांचं पॅनेल पूर्ण निवडून आलं. त्या गावाचं काय बिघडलं?

खर्चाचं शेवटी. तुमची नऊ सदस्यांची ग्रामपंचायत. 2017 मध्ये ठरलेली मर्यादा अशा गावात सदस्याला 25 हजार होती. अर्ज भरताना सध्याची विचारून घे. वेगळं बँक खातं काढ. हिशेब निकालानंतर तीस दिवसांत द्यायचा असतो, हरलेल्यांनीही. दिला नाही तर पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं, आणि हरलेले उमेदवार नेमके तिथेच गाफील राहतात. हरलीस तर निदान हे विसरू नकोस. रोजचा खर्च रोज लिही, चहाचासुद्धा. पॅनेलनं छापलेल्या पत्रकात तुझा वाटा किती, तेही त्यांच्याकडून लिहून घे. ते टाळाटाळ करतील.

दोनशे पानी वही आणून ठेवली आहे, रेघा मारून. रविवारी ये आणि घेऊन जा. सासूबाईंनाही आण, त्यांच्याशी मला वेगळं बोलायचं आहे.

तुझ्या
बाई