शेजारधर्म आणि सरकार : अमेरिकन स्वभावातील विसंगती

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेत काही महिने राहून आले. वादळात त्याच्या अंगणातले मोठे झाड कोसळले, तेव्हा ओळखदेखील नसलेली माणसे करवती घेऊन आली आणि चहासुद्धा न घेता परत गेली. हीच माणसे, गरिबाच्या उपचारांचा खर्च सरकारने करावा असे म्हटले की नाराज होतात. इतकी परोपकारी माणसे इतकी कठोर कशी होतात?
— एक वाचिका, धंतोली, नागपूर

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. मात्र या दोन्ही वागण्यांचे मूळ बहुतांशी एकच आहे. अमेरिकेत अनेक ठिकाणी आधी वस्ती झाली आणि शासन मागाहून पोहोचले. आग विझवण्यासाठी बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७३६ मध्ये फिलाडेल्फियात नागरिकांचे पथक उभारले. आजही त्या देशातील बहुसंख्य अग्निशामक पगारी नोकर नसून स्वयंसेवक आहेत. १८३१ मध्ये तेथे गेलेल्या अलेक्सी द तोकव्हील या फ्रेंच विचारवंताने नोंदवले आहे की जे काम फ्रान्समध्ये सरकार आणि इंग्लंडमध्ये एखादा सरदार हाती घेतो, त्यासाठी अमेरिकन लोक मंडळ स्थापन करतात. स्वेच्छेने केलेली मदत हा सद्गुण आणि करातून वसूल केलेली मदत ही सक्ती, ही धारणा या सवयीतून मुरत गेली. आपल्याकडे असे झाले नाही. दीक्षाभूमीवर येणाऱ्या लाखो अनुयायांना आपुलकीने जेवू घालणारे नागपूरकर मेयो किंवा मेडिकल या शहरातील सरकारी रुग्णालयांत उपचार मिळणे हा आपला हक्क मानतात, आणि या दोन गोष्टींत त्यांना कोणताही विरोध जाणवत नाही.

तरीही सगळा दोष स्वभावावर टाकणे मला पटत नाही. दुसऱ्या महायुद्धात वेतनवाढीवर सरकारी निर्बंध आले, तेव्हा कामगार टिकवण्यासाठी मालकांनी आरोग्यविमा देऊ केला आणि विमा नोकरीशी जोडला गेला. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४५ मध्ये राष्ट्रीय आरोग्यविम्याचा प्रस्ताव मांडला, तो प्रामुख्याने डॉक्टरांच्या संघटनेच्या कडव्या विरोधामुळे बारगळला. पुढे १९६५ मध्ये ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी ‘मेडिकेअर’ ही सरकारी योजना आली आणि ती इतकी लोकप्रिय झाली की सरकारी हस्तक्षेपाला विरोध करणारे अनेक जणदेखील तिला हात लावू देत नाहीत.

खरी अडचण याहून खोल आहे. शेजारधर्म आपण ज्याला शेजारी मानतो त्याच्यापुरताच पोहोचतो. ज्या दक्षिणेकडील गावांत गोरे लोक एकमेकांसाठी धावून जात, तेथेच कृष्णवर्णीय रुग्णाला वेगळ्या कक्षात ठेवले जाई किंवा दारातून परत पाठवले जाई. १९४६ च्या रुग्णालय-बांधणी कायद्याने तर अशा वेगळ्या व्यवस्थेला सरकारी पैसाही मिळू दिला. हे बदलले ते कोणाच्या दयाबुद्धीने नव्हे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थांना वर्णभेद करण्यास मनाई केली होती, आणि १९६६ मध्ये मेडिकेअरचा पैसा हवा असेल तर हा नियम पाळावा लागेल असे बजावताच हजारो रुग्णालयांनी काही महिन्यांत वर्णभेद सोडला. ज्या सरकारी सत्तेचा त्या समाजाला इतका संशय वाटतो, तिनेच हे काम केले, हे आपल्या शेजाऱ्यांशी बोलताना अवश्य सांगावे.

प्रश्न : ‘सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत’ असे १७७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनच्या घरीच गुलाम होते. मग तो जाहीरनामा निव्वळ ढोंग नव्हे काय?
— एक विद्यार्थी, इंदोरा, नागपूर

उत्तर : जेफरसन यांनी आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसांना गुलाम म्हणून बाळगले आणि त्यांतील फारच थोड्यांना मुक्त केले. त्या वर्तनाचे समर्थन होऊ शकत नाही, आणि आपला संताप मला रास्त वाटतो. पण त्या शब्दांचा उपयोग पुढे कोणी केला, तेही पाहावे. गुलामीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर येथे गोऱ्या श्रोत्यांना थेट विचारले, की तुमचा चार जुलैचा स्वातंत्र्यदिन गुलामाच्या लेखी काय आहे. आणि त्याच भाषणात राज्यघटना हा स्वातंत्र्याचाच दस्तऐवज असल्याचे ठणकावून सांगितले. ज्यांना समतेतून वगळले होते, त्यांनीच तिच्या शब्दांवर हक्क सांगितला.

१९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत जो इशारा दिला, तो आपल्या परिचयाचा असेलच : २६ जानेवारी १९५० पासून आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करत आहोत, राजकारणात समता असेल आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता. ही विसंगती लवकरात लवकर दूर केली नाही तर विषमतेने पोळलेले लोक लोकशाहीचा डोलारा उद्ध्वस्त करतील, असेही ते म्हणाले. अमेरिकेत हे ‘लवकरात लवकर’ घडले नाही. वर्णावरून मताधिकार नाकारता येणार नाही अशी घटनादुरुस्ती १८७० मध्ये झाली, परंतु दक्षिणेतील कृष्णवर्णीयांना मतदान केंद्रात निर्धास्तपणे जाता यावे यासाठीचा परिणामकारक कायदा १९६५ मध्ये आला, आणि तोही अलाबामातील सेल्मा येथे शांततेने चालणाऱ्या मोर्चेकऱ्यांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्यानंतर.