किल्ली बसवली, तरी पासवर्ड का विचारतो?

प्रश्न : विंडोज ११ वरून लिनक्स मशिनवर एसएसएचने (नेटवर्कवरून दुसऱ्या मशिनवर सुरक्षितपणे शिरण्याच्या सोयीने) लॉगिन करतो. पासवर्डऐवजी वापरायची किल्लीची जोडी बनवून सार्वजनिक किल्ली लिनक्सवर टाकली, तरी पासवर्ड विचारला जातोच. लिनक्सवरून विंडोजवर येतानाही तेच. काय चुकतंय?

उत्तर : लक्षण एकच असलं तरी दोन्हीकडची कारणं वेगळी आहेत.

लिनक्सचा सर्व्हर किल्ली वाचण्याआधी परवानग्या तपासतो. तुमचं होम फोल्डर, त्यातलं 'डॉट एसएसएच' फोल्डर किंवा 'ऑथोराइज्ड कीज' फाइल (मान्य सार्वजनिक किल्ल्यांची यादी) यांपैकी कशातही इतरांना लिहिता येत असेल, तर तो किल्ली नाकारतो आणि पासवर्डवर येतो. स्क्रीनवर कारण दिसत नाही, ते सर्व्हरच्या लॉगमध्ये असतं. 'डॉट एसएसएच'ला ७०० (सगळे हक्क फक्त मालकाला), फाइलला ६०० (वाचणं-लिहिणं फक्त मालकाला) परवानगी द्या; मालक तुमचंच खातं हवं.

एवढ्यानं भागलं नाही, तर फाइल उघडून पाहा. विंडोजमध्ये 'एसएसएच कॉपी आयडी' कमांड नसते, त्यामुळे किल्ली हातानं चिकटवली जाते आणि एका ओळीच्या दोन होतात. पॉवरशेल ५.१ मध्ये 'मोठे-पेक्षा' चिन्हानं फाइल बनवली, तर ती यूटीएफ-१६ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या वेगळ्या पद्धतीत जाते. डोळ्यांना ठीक दिसते, सर्व्हरला वाचता येत नाही. किल्ली बनवायला पुट्टीजेन हा प्रोग्रॅम वापरत असाल तर सार्वजनिक किल्ली 'सेव्ह' करू नका, वरच्या चौकटीतला मजकूर कॉपी करा.

आता विंडोज. तुमचं खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर गटात असेल, तर तिथला सर्व्हर तुमच्या फोल्डरातली फाइल बघतच नाही. सी ड्राइव्हवर 'प्रोग्रॅमडेटा'तल्या 'एसएसएच' फोल्डरात 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स ऑथोराइज्ड कीज' नावाची फाइल लागते, शब्दांमध्ये अंडरस्कोर. नोटपॅड शेवटी 'डॉट टीएक्सटी' जोडतं, ते काढा. वारशानं आलेल्या परवानग्या काढून फक्त 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स' आणि 'सिस्टम' ठेवा. ही फाइल सगळ्या अ‍ॅडमिन खात्यांना सामायिक असते, म्हणून तिच्यात जपून भर घाला.

लिनक्सवर पासवर्ड लॉगिन बंद करण्याची घाई नको. सेटिंग बदललं की 'एसएसएचडी'ला (सर्व्हरच्या प्रोग्रॅमला) 'वजा टी' देऊन सेटिंगची फाइल तपासा, सेवा पुन्हा सुरू करा आणि चालू खिडकी तशीच ठेवून दुसऱ्या खिडकीतून किल्लीनं आत येऊन बघा. तरीही पासवर्ड चालतोय? मग 'एसएसएचडी कॉन्फिग डॉट डी' फोल्डरात डोकवा. उबुंटूसारख्या सिस्टिममध्ये तिथल्या फाइली आधी वाचल्या जातात आणि आधी सापडलेली किंमतच लागू होते.