रिपोर्टवर सही करण्याआधी

अगं, मुलांच्या मानसशास्त्रीय तपासणीचा रिपोर्ट चांगला लिहितेस, पण फार लिहितेस. शाळेनं विचारलंय, मुलाला वाचन का जमत नाही. त्यात वडिलांची दारू आणि आईचं माहेरी निघून जाणं कशाला? सांगलीत कोण कुणाचा पाहुणा निघेल सांगता येत नाही, आणि शाळेतली फाइल क्लार्कही चाळतो. लागतं तेवढंच, पालकांच्या संमतीनं द्यायचं. बाकीचं आपल्या नोंदीत.

आता तो जतचा मुलगा. घरी कन्नड बोलतो, तू चाचणी मराठीत घेतलीस आणि बुद्ध्यांक ६८ लिहून मोकळी झालीस. चाचणीची भाषा, घरची भाषा, त्या दिवशी पोर किती बुजलेलं होतं, हे सगळं आकड्याशेजारीच यायला हवं. शाब्दिक आणि कृती (शब्दांऐवजी हातानं करून दाखवायच्या) चाचण्यांत मोठी तफावत असेल, तर एकत्रित आकडा फसवतो.

दिव्यांगत्वाच्या सवलतींना सहसा किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं, म्हणून ‘मॅडम, बुद्ध्यांक जरा खाली दाखवा’ म्हणणारे येतीलच. चहा पाज, आणि नाही म्हण.

शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाला आपल्या नोंदी पाहायचा हक्क दिलाय. ‘आई आक्रस्ताळी’ असलं काही लिहू नकोस. ती काय म्हणाली, काय केलं, तेवढं लिही.